आधी लक्षण सांगा

अप्पांना फोन करून "आमचा मिक्सर बिघडलाय" असं सांगणाऱ्याची आधी उलटतपासणी होते. बिघडला म्हणजे काय? फिरतच नाही, की फिरतो पण वाटत नाही? आवाज येतो का? वास? भांडं काढून चालवून पाहिलात? तिन्ही वेगांना सारखंच होतं, की एकालाच? समोरचा बापडा वैतागून "बहुतेक मोटर गेली असेल हो" म्हणाला, की अप्पा मनापासून दुखावतात. "निदानाचं मी बघतो. तुम्ही आधी लक्षण सांगा." हे सगळं होईतो त्या घरातली ओल्या खोबऱ्याची चटणी रद्द होऊन पाहुण्यांचं लोणच्यावर भागलेलं असतं.

अप्पांचा मुक्काम न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडीला चिकटलेल्या निस्कायुना गावात. स्केनेक्टडी हे जनरल इलेक्ट्रिकचं गाव. १८९२ साली कंपनी स्थापन झाली तेव्हापासून या गावाचं घड्याळ तिच्या भोंग्यावर लागलं, आणि गावाला 'इलेक्ट्रिक सिटी' असं नावच पडलं. अप्पांनी नोकरीची सगळी वर्षं तिथल्या टर्बाइन विभागात काढली आणि निवृत्त होताना घड्याळाऐवजी चांगला मल्टीमीटर मागून घेतला. तो कायम अंगावर असतो. इथल्या मराठी मंडळातल्या एका लग्नात सुटाच्या आतल्या खिशातून लाल वायर लोंबताना पाहून नवऱ्या मुलीच्या आजीने "यांचं हृदयाचं काही आहे का हो?" असं हळूच विचारलं होतं. अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "नाही, सवयीचं आहे."

अप्पांच्या या स्वभावाचं मूळ कुर्ल्यात आहे. वडील मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये होते आणि अप्पांचं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. ही तारीख अप्पा आपल्या लग्नाच्या तारखेआधी सांगतात. मोटरमनच्या हँडलला चार जागा: शंटिंग, सिरीज, पॅरलल आणि वीक फील्ड. शाळकरी अप्पा डोळे मिटून गाडीत बसायचे आणि नुसत्या आवाजावरून मोटरमन कोणत्या जागेवर आहे ते ओळखायचे. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर लाइनवरची शेवटची डीसी लोकल धावली आणि मुंबईत सगळीकडे एसी झालं, तेव्हा इकडे मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम चालू होता. अप्पांनी उभं राहून शोकप्रस्ताव मांडला. श्रीखंडाच्या वाट्या हातात धरून सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. कोण गेलं, हे निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही.

अशा माणसाच्या हाती एलेक-ट्रॅक लागावा हा योगच म्हणायचा. एलेक-ट्रॅक म्हणजे बागेतला विजेवरचा ट्रॅक्टर. गवत कापतो, पुढे यंत्र जोडलं तर हिवाळ्यात बर्फही उडवतो. जनरल इलेक्ट्रिकने तो १९६९ साली बाजारात आणला. ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकीला एक जोडून ३६ व्होल्ट करायचे, रात्री चार्जिंगला लावायचा, सकाळी गवत. पेट्रोल नाही, धूर नाही, शेजाऱ्याची झोपमोड नाही. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. आता याचे दिवस येणार असं कोणालाही वाटलं असतं. पण थोड्याच काळात कंपनीने हा धंदा सोडून दिला आणि तो 'व्हील हॉर्स'कडे गेला. पुढे अनेक वर्षांनी अप्पांना एक एलेक-ट्रॅक जवळच्याच एका घराच्या गॅरेज सेलमध्ये दिसला. विकणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की हा चालत नाही. अप्पांचा चेहरा उजळला. घासाघीस न करता त्यांनी पैसे काढून दिले. चालता ट्रॅक्टर त्यांनी घेतलाच नसता.

घरी आणल्यावर कळलं, की याच्या वेगाची सगळी व्यवस्था कुर्ल्याचीच आहे. दांडा पुढे ढकलला की पायरीपायरीने वेग वाढतो. पहिल्या पायऱ्यांना आर्मेचरच्या वाटेत रेझिस्टन्स असतो, म्हणजे मोटरला पोटभर वीज मिळत नाही आणि ती हळू फिरते. मग रेझिस्टन्स बाजूला होतो आणि सगळे ३६ व्होल्ट मिळतात. त्याच्याही पुढे जायचं असेल तर मोटरचं चुंबक, म्हणजे फील्ड, जाणूनबुजून अशक्त करायचं. इथे नेहमी कोणीतरी विचारतं, "चुंबक अशक्त केलं तर मोटर मंदावायला नको का?" हा प्रश्न यावा म्हणून अप्पा टपून बसलेले असतात. फिरती मोटर स्वतःही उलट्या दिशेने व्होल्टेज तयार करते, चुंबक अशक्त झालं की हा विरोध घटतो, जास्त करंट आत शिरतो आणि मोटर पळते, असं शास्त्र ते आधी सांगतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, की मग उदाहरण: "बापाचा धाक कमी केला की पोरं उधळतात. पळतात जोरात, पण चढावर ओझं ओढायचं म्हटलं तर दम नसतो. आणि धाक अजिबातच गेला, फील्डची तार तुटली, तर रिकामी मोटर इतकी उधळेल की स्वतःचे तुकडे करून घेईल." हे उदाहरण ते गणपतीच्या आरतीनंतर, चिरंजीवांच्या देखत देतात. चिरंजीव बॉस्टनहून आलेले असतात आणि मोदक खाताना मान वर करत नाहीत.

पाहुणे नायगारा बघायला येतात आणि आधी स्टाइनमेट्झची मोटार बघतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ हा जनरल इलेक्ट्रिकचा जगप्रसिद्ध गणिती इंजिनियर. त्याची १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही बॅटरीवरची मोटार स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजने जपून ठेवली आहे. तिच्याकडे जाताना अप्पा ती प्रसिद्ध दंतकथा सांगतात. हेन्री फोर्डच्या कारखान्यातला प्रचंड जनरेटर कोणालाच दुरुस्त होईना. स्टाइनमेट्झ आला, ऐकत बसला, आकडेमोड केली, आणि जनरेटरवर खडूने एक रेघ मारून म्हणाला, इथे उघडा. बिल आलं दहा हजार डॉलरचं. फोर्डने तपशील मागितला. "खडूची रेघ मारण्याचा..." अप्पा म्हणतात. "...एक डॉलर," मागच्या सीटवरून काकू म्हणतात. "ती कुठे मारायची हे..." "...कळण्याचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. अहो, सिग्नल हिरवा झालाय."

काकू या गोष्टीतलं दुय्यम पात्र आहेत असं समजू नका. ट्रॅक्टर चालवतात त्या. अप्पांचं म्हणणं असं, की चालवणाऱ्याला यंत्र दिसत नाही. ते बाहेरून बघावं लागतं. म्हणून शनिवारी सकाळी काकू डोक्याला टोपी, पायात बूट, कानात नाट्यसंगीत असा थाट करून पुढच्या अंगणापासून मागच्या चढापर्यंत गवत कापतात आणि अप्पा पायरीवर उभे राहून ऐकतात. त्यांच्याजवळ एक वही असते. रकाने आखलेली: तारीख, लक्षण, माप, तर्क, उपाय. ट्रॅक्टर काही महिने नीट चालला की वही कोरी राहते आणि अप्पांचं जेवण कमी होतं.

गेल्या वर्षी पानगळ सुरू झाली तशी एका शनिवारी काकू उतरून म्हणाल्या, "आज जरा रेंगाळतोय. आणि दांडा पूर्वीसारखा पुढे जात नाहीये."

अप्पांनी चष्मा सारखा केला. "यातलं पहिलं वाक्य लक्षण आहे. दुसरं निदान झालं." लक्षणाच्या रकान्यात पहिलं वाक्य गेलं. दुसरं हवेत राहिलं.

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. खजिनदार म्हणाले, बॅटऱ्या जुन्या झाल्या असतील. अप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी वर्गणीचा विषय काढायचा होता तो काढलाच नाही. जुनं झालं हे अप्पांच्या मते निदानच नव्हे. निदान करायचा कंटाळा आला की माणसं वयावर ढकलतात. त्यांच्या डॉक्टरांनी एकदा रक्तदाब मोजून "या वयात एवढा चालायचाच" म्हटलं, तेव्हा अप्पांनी विचारलं, "हे माप लोडवर घेतलंत का? खुर्चीत बसवून घेतलेल्या मापाला काय अर्थ आहे? जिन्यावर घ्या." डॉक्टरांनी त्यांना पट्ट्यावर चालायच्या हृदयाच्या चाचणीला पाठवलं. अप्पा तिथून खुशीत परतले. निघताना मशीनवाल्या मुलीशी पट्ट्याच्या मोटरचा वेग कशाने बदलतात यावर त्यांची चर्चा झाली होती.

चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, त्या शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियम टाका. आणि तो रेझिस्टन्सचा पसारा फेकून द्या, पीडब्ल्यूएम कंट्रोलर मिळतात. सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात, उष्णतेत काही वाया जात नाही, वेग लोण्यासारखा." अप्पांना हे सगळं माहीत होतं आणि पटतही होतं. पण ते म्हणाले, "आधीच्या प्रश्नाचं उत्तर कळलेलं नाही तोवर त्याच्यावर नवा प्रश्न बसवू नये."

मग तपासणी. गॅरेजच्या दाराशी एक बशी ठेवलेली असते. आत येणाऱ्याने अंगठी, घड्याळ, बांगडी त्यात काढून ठेवायची. बॅटरीच्या दोन टोकांवर धातू आडवा पडला तर तो तापून लाल व्हायला क्षण पुरतो, हे अप्पा इतक्या प्रेमाने सांगतात, की बायका न सांगता मंगळसूत्र पदराआड घेतात. चार्जिंग चालू असेल तर दार उघडं, कारण बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. उदबत्तीलाही मज्जाव आहे. गॅरेजमधल्या विश्वकर्म्याच्या तसबिरीला फक्त फुलं मिळतात.

सहाही बॅटऱ्यांचं विश्रांतीतलं माप मिळून ३८.२ व्होल्ट भरलं. पूर्ण भरलेल्या. हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातलं आम्ल बघितलं, १.२७ च्या आसपास सगळीकडे. मी म्हटलं, "म्हणजे बॅटऱ्या ठीक."

"बसून ठीक आहेत," अप्पा म्हणाले. "आता जिन्यावर बघू."

जिना म्हणजे मागचा चढ. काकू ट्रॅक्टरवर. बॅटऱ्यांच्या टोकांना लांब तारांचे चिमटे, आणि दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर हातात धरून अप्पा शेजारून चालताहेत. "तिसरी पायरी!" काकू दांडा पुढे. "चौथी!" अप्पांची चाल वाढली. "पाचवी! आता सहावी!" काकू ओरडल्या, "अहो, जात नाहीये पुढे!" अप्पा आकडे वाचण्यात गर्क. कुंपणापलीकडून गोरा शेजारी कॉफीचा मग घेऊन बघत होता. त्याचा पेट्रोलचा ट्रॅक्टर आहे आणि त्याचं गवत नेहमी कापलेलं असतं. त्याने मला विचारलं, की हे रुग्णाला नेताहेत का. एका परीने ते खरंच होतं.

लोडवर एकही बॅटरी ५.९ च्या खाली आली नाही. खजिनदारांचा तर्क वहीत लाल शाईने खोडला गेला.

पुढची पाळी सांध्यांची. हे काम बघण्यासारखं असतं. मल्टीमीटरची एक सुई तारेच्या अलीकडे, दुसरी सांध्याच्या पलीकडे, आणि मोटर ओढत असताना माप. सांधा चांगला असेल तर आकडा शून्याला चिकटलेला. गंज असेल तर तिथेच व्होल्ट गळतात. "एक शतांश ओहम," अप्पा बोट वर करून म्हणाले. "ओहममीटरला दिसणारही नाही. पण १०० अँपिअर जाताना तिथे एक व्होल्ट हरवतो आणि १०० वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा जागेत एक दिवा जळतोय आणि आपल्याला पत्ता नाही." एका टोकावर पांढरट बुरा दिसला. काकूंच्या ओट्यावरचा खायचा सोडा आला, पाणी आलं, फेस आला, ब्रश फिरला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. माप शून्याला टेकलं. ट्रॅक्टर होता तसाच रेंगाळत होता, पण अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. रुग्णाचा एक आजार तरी बरा झाला होता, मग त्याचा त्याला त्रास होत असो वा नसो.

कॉन्टॅक्टर तपासले. पायरी बदलताना टक्‌ टक्‌ आवाज येतो तो यांचा. पाचव्या पायरीपर्यंत प्रत्येक टक्‌ जागेवर. मोटरचे कार्बन ब्रश काढून बघितले. अजून बोटभर शिल्लक, स्प्रिंग कडक. सीटखालचा स्विच, ब्रेकचा स्विच, सगळे निर्दोष सुटत गेले आणि अप्पांची कांती वाढत गेली. अंगणात गवत घोट्याच्या वर आलं होतं. काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, "मी काय म्हणते, तो दांडा..."

"येतोच आहे दांड्याकडे. क्रमाने."

शेवटी बॅटरी सोडवून फील्डची वाट मोजायला घेतली. दांडा एकेक पायरी पुढे सरकवायचा आणि ओहम लिहायचे. प्रत्येक पायरीला वाटेत थोडा जास्त रेझिस्टन्स यायला हवा; तेवढं चुंबक अशक्त, तेवढा वेग जास्त. चौथ्या पायरीला आकडा चढला. पाचव्या पायरीला आणखी चढला. त्याच्यापुढे हलेना. अप्पांनी पुन्हा मोजलं. तोच आकडा. मग ते हळूहळू उभे राहिले. सभेतल्या वक्त्यांना टाळ्यांची वाट बघताना जी छाती येते ती त्यांना आली. "रेझिस्टन्स तुटला असता तर आकडा अनंतावर गेला असता. जळून चिकटला असता तर खाली आला असता. आकडा पाचव्या पायरीवर थांबलाय, याचा अर्थ एकच. स्विचचा आसच पाचव्या पायरीच्या पुढे फिरत नाहीये. म्हणजे..." त्यांनी आवाज खाली आणला. "दांडा पूर्वीसारखा पुढे जात नाहीये."

गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. काकूंनी पदर खोचला, स्वयंपाकघरातून सांडशी आणली, डॅशखालचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. दांडा आणि स्विच यांना जोडणाऱ्या सळईच्या खोबणीत ओकचं एक टोपीवालं फळ घट्ट बसलं होतं. सांडशीने ते उपटलं, आणि त्याच्यामागून खळाखळा आणखी ओंजळभर फळं फरशीवर आली. चिपमंक, म्हणजे इथली पट्ट्यापट्ट्यांची खार, हिवाळ्याची बेगमी करत होती. तिने जागा निवडताना अप्पांच्या गॅरेजइतकी कोरडी, उबदार आणि शांत जागा दुसरी पाहिली नसणार. दांडा सरसर शेवटच्या पायरीपर्यंत गेला.

एखादा खजील झाला असता. अप्पांनी एक फळ उचललं, व्हर्निअर कॅलिपरने त्याचा व्यास घेतला आणि तो वहीत लिहिला. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "यांत्रिक दोष, आणि आपण तो ओहममीटरने पकडला. झाकण न उघडता!"

"मी तर ओहममीटर न उघडता सांगितला होता," काकू म्हणाल्या.

"तू सांगितलंस, पण ते सिद्ध कुठे होतं?"

त्या दिवशी उरलेलं गवत काकूंनी शेवटच्या पायरीवर कापलं, नाट्यसंगीताचा आवाज वाढवून. अप्पा पायरीवर उभे राहून ऐकत होते. वीक फील्डचा तो वरचा सूर लागला की ते मान डोलवत, मग तो सूर मोटरचा होता की कानातल्या गाण्यावर काकूंनी धरलेला, हे सांगता येणार नाही. शेजाऱ्याने मग उंचावला. खजिनदारांनी फोनवर, शेवटी काय झालं होतं, म्हणून विचारलं तर अप्पांनी त्यांना फील्डच्या रेझिस्टन्सपासून सुरुवात केली, आणि फळापर्यंत पोचेपर्यंत खजिनदारांचं जेवण उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा अप्पा वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे तूच वाच. यात माझं काही चुकलंय का सांग." तर्काच्या रकान्यापुढे नवा रकाना आखला होता. मथळा अप्पांच्या ठसठशीत अक्षरात: 'चालकाचं म्हणणं'. आणि त्याखाली काकूंच्या हातचं:

'फळ उपटण्याचा, सांडशीसह: १ डॉलर.
ते कुठे अडलंय हे शनिवारीच सांगितल्याचे: ९,९९९.
न ऐकल्याबद्दल दंड: वेगळा.'

अप्पांनी बेरीज तपासून तिच्यासमोर बरोबरची खूण केली होती. दंडासमोर मात्र प्रश्नचिन्ह होतं, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दर कोणता? लोडवर मोजून ठरवावा.'